परदेशातून ठोकळ्यांचे सेट आणताना: कोबी, नॅनोब्लॉक, ब्लूब्रिक्स आणि चिनी मंडळी

लेगोखेरीज दुसऱ्या कंपनीचा सेट परदेशात घेताना एक गोष्ट धरून चालायची: घरी आल्यावर एखादा तुकडा कमी निघाला तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढता येणार नाही. म्हणून स्वस्त काय मिळतंय यापेक्षा छपाई, पकड आणि पिशव्यांची मांडणी आधी बघावी.

पर्यायी म्हणजे नकली, असं नव्हे. लेगोच्या ठोकळ्याचं मूळ पेटंट १९५८चं, ते केव्हाच संपलं. नुसत्या ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्क मिळणार नाही, हे युरोपीय न्यायालयानं २०१० साली स्पष्ट केलं. लेगोच्या छोट्या माणसाच्या आकाराला मात्र तिथे संरक्षण आहे, त्यामुळे प्रामाणिक कंपन्यांची माणसं वेगळी दिसतात. खोक्यावर लेगोचंच मॉडेल आणि नाव तेवढं बदललेलं असेल, तर तो सेट तिथेच ठेवावा. लेपिन या चिनी ब्रँडच्या नावाखाली हेच चालायचं. चीनमध्ये २०१९ला धाडी पडल्या आणि २०२०मध्ये मुख्य आरोपीला ६ वर्षांची शिक्षा झाली.

खरेदीला जाताना घरचा लेगोचा एक २×४ ठोकळा (२×४ म्हणजे वर दोन ओळींत चार-चार स्टड; स्टड म्हणजे गोल उंचवटा) खिशात असू द्या. स्टडच्या मध्यापासून पुढच्या स्टडच्या मध्यापर्यंत ८ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, प्लेटची म्हणजे चपट्या तुकड्याची ३.२ मिमी, हे माप जुळलं तरच घरच्या साठ्यात नवा माल मिसळतो. दुकानात सुटे ठोकळे किंवा हाताळायचा नमुना असेल तर विचारून लावून बघा. सहज बसला पाहिजे आणि उलटा धरला तरी सुटता कामा नये. १६ स्टडची प्लेट मिळाली तर तिच्यावर चार ठोकळे लांबीत ओळीने बसवा. एका ठोकळ्यात ०.०५ मिमीची चूक हाताला कळत नाही, पण भिंत २० ठोकळ्यांची झाली की तीच १ मिमी होते आणि शेवटचा ठोकळा बसायलाच तयार होत नाही. स्वस्त सेटमध्ये छप्पर वाकडं होतं ते बहुतेक यामुळेच.

पोलंडमध्ये असाल तर कोबी या पोलिश कंपनीचे सेट घ्या, फार विचार करू नका. उत्पादन तिथलंच, आणि स्मिकसारख्या खेळण्यांच्या साखळी दुकानांत सहज मिळतं. दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे १:२८ आणि विमानं १:३२ प्रमाणात असतात. चिन्हं आणि आकडे तुकड्यांवरच छापलेले, त्यामुळे स्टिकर चिकटवण्याची कटकट नाही. दोष एकच, पकड जरा जास्तच घट्ट. जोडलेल्या प्लेटा सोडवायला ब्रिक सेपरेटर (ठोकळे उचकटायचं छोटं हत्यार) लागतोच, आणि लहान मुलांची बोटं दुखतात. सेटमध्ये सुट्या खेळण्यातल्या बंदुका असतील तर सामान चेक-इन करा. केबिनमध्ये शस्त्रासारख्या दिसणाऱ्या वस्तूंवरून सुरक्षारक्षक अडवू शकतात.

जर्मनीत ब्लूब्रिक्सची स्वतःची दुकानं आहेत. विषयांची विविधता दांडगी, स्टार ट्रेक मालिकेचे अधिकृत परवान्याचे सेटही त्यांनी काढले आहेत. पण ठोकळे चिनी कारखान्यांतून येतात, त्यामुळे एका सेटची पकड आणि रंग बघून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. सजावटीसाठी उत्तम, मुलांच्या रोजच्या तोडमोडीसाठी मी सुचवणार नाही.

जपानमधलं कावादा कंपनीचं नॅनोब्लॉक हा वेगळाच प्रकार. २००८ पासून बाजारात आहे. सर्वांत छोटा तुकडा ४×४×५ मिमी, म्हणजे घरच्या ठोकळ्यांशी जुळायचा प्रश्नच नाही. खोका तळहाताएवढा, सामानात कुठेही मावतो, भेट द्यायला छान. मात्र सूचना थरांच्या आकृत्यांत असतात. एक थर एका स्टडने सरकला की वरचं सगळं उसवावं लागतं. चिमटा जवळ ठेवा आणि लहान मुलांना देऊच नका. कोरियात ऑक्सफर्ड या तिथल्या कंपनीचे सेट दिसले तर कोरियन इतिहासावरचे सेट बघा, बाकीचे कुठल्याही कंपनीसारखे.

चिनी कंपन्यांत काडा आणि मोल्ड किंग यांच्या यांत्रिक गाड्या चांगल्या. तुकडे गोब्रिक्सचे (ठोकळे बनवून इतर कंपन्यांना पुरवणारी चिनी कंपनी) असल्याचं लिहिलेलं असेल तर रंग आणि पकड यांची काळजी बरीच कमी होते. किंमत ताडताना तुकड्यांची संख्या बघू नका. १×१च्या टाइल (वर स्टड नसलेले गुळगुळीत छोटे तुकडे) भरून आकडा फुगवता येतो, वजन फुगवता येत नाही. हजार तुकड्यांचा सेट साधारण १ ते दीड किलो भरतो.

मोटरवाल्या सेटमध्ये चार्जिंगची लिथियम बॅटरी सुटी येते. ती सुटी बॅटरीच धरली जाते, म्हणून केबिनच्या पिशवीतच न्यायची, टोकांवर चिकटपट्टी लावून. क्षमता १०० वॉट-तासांच्या आत हवी. छापलेली नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा.

आता खोक्याचं. आत बरीच हवा असते, म्हणून फोडून पिशव्या काढून घ्यायचा मोह होतो. युरोपात मात्र थांबा. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो (जर्मनीत बिल ५० युरोंच्या वर, पोलंडमध्ये किमान २०० झ्लॉटी), पण कस्टम्सला माल न वापरलेला दाखवावा लागतो. माल हातसामानात असेल तर शिक्का संघातल्या शेवटच्या विमानतळावर; चेक-इनच्या बॅगेत असेल आणि बॅग थेट संघाबाहेर जाणार असेल, तर जिथे ती सोडता तिथेच, सोडण्याआधी. म्हणजे ज्या सेटवर परतावा हवा तो अखंडच न्यायचा. जपानमध्ये १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात पूर्ण कर भरून निघताना परतावा घ्यायची पद्धत आहे. पासपोर्ट खरेदीच्या वेळीच लागतो.

परतावा नको असेल तर मुक्कामावरच खोका उघडा. एकेक तुकडा मोजत बसू नका, फक्त क्रमांकाच्या सगळ्या पिशव्या आहेत का ते बघा. अख्खी पिशवी गायब असेल तर दुकान अजून जवळ आहे. काही चिनी सेटमध्ये पिशव्यांवर क्रमांकच नसतात, तिथे हा उपाय चालत नाही. बारकोड, सेट क्रमांक, बॅच आणि पावती यांचा फोटो काढा, सुटा तुकडा मागवताना कंपनी हेच मागते. मोठ्या प्लेटा बॅगेच्या तळाशी सपाट, क्रोम (चकचकीत मुलाम्याचे) तुकडे कपड्यात, आणि स्टिकरचा कागद सूचनापुस्तिकेच्या मधल्या पानांत. दुमडलेला स्टिकर सपाट होत नाही, आणि सुटा स्टिकरसंच मिळेलच याची खात्री नसते.