१९८२ ची प्रीमियर पद्मिनी, नागपूरच्या उन्हात: मालकिणीचा रिव्ह्यू

नागपुरात जुनी फियाट बाळगायची असेल तर दोन गोष्टी आधीच सांगते. गाडी विदर्भातलीच बघा, मुंबईची घेऊ नका. आणि घेतल्यावर पहिला खर्च रेडिएटरवर करा, रंगाचं नंतर पाहता येईल. माझी पद्मिनी १९८२ ची, अमरावतीच्या एका कुटुंबाकडून घेतलेली. बँकेत जायला, बर्डीवर खरेदीला, सुटीच्या दिवशी रामटेकला मी तीच काढते. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते रोजच्या वापरातून आलेलं आहे.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीच्या फियाट कंपनीची गाडी. कुणी म्हणेल, कसली इटालियन, ती तर मुंबईतल्या कुर्ल्याची. दोन्ही खरं आहे. फियाटनं ११००/१०३ हे मॉडेल १९५३ मध्ये आणलं. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं फियाटच्या परवान्यानं त्या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायला घेतल्या. सुरुवातीची गोलमटोल गाडी म्हणजे जुन्या लोकांची ‘डुक्कर फियाट’. १९६४ पासून चौकोनी बांध्याची ११०० डी आली आणि तोच साचा पुढे १९७४ पासून पद्मिनी नावानं विकला गेला. पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्रींनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढून घेतलेली फियाट ती हीच, १९६४ ची. इटलीत ११०० डी १९६६ मध्ये संपली, आपल्याकडे मात्र विसावं शतक संपत येईपर्यंत ती बनत राहिली. म्हणून माझ्या १९८२ च्या गाडीचं बॉनेट उघडलं की जुनं इटालियन इंजिन दिसतं: चार सिलिंडर, १०८९ सीसी, सिलिंडरचा व्यास (बोअर) ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव (स्ट्रोक) ७५, खाली सिलिंडरांचा बिडाचा ब्लॉक आणि वर झाकणासारखं अ‍ॅल्युमिनियमचं हेड.

हे अ‍ॅल्युमिनियमचं हेड लक्षात ठेवा, नागपुरात सगळी कथा तिथूनच सुरू होते.

बीड आणि अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत, अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं. इंजिन एकदा प्रमाणाबाहेर तापलं की हेड वाकतं, मधली गॅस्केट जळते आणि पाणी नको तिथे शिरतं. इटलीच्या हवेत हे क्वचित होत असेल. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तर दरवर्षीच येतो. त्यात बोअरवेलचं पाणी जड. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतत गेलं की नळ्यांच्या आत क्षारांचा थर धरतो, पाणी फिरायचं कमी होतं, आणि सिग्नलवर उभं राहिलं की तापमानाचा काटा चढायला लागतो.

माझी गाडी आली तेव्हा तिची हीच अवस्था होती. आधीच्या कुठल्या तरी गॅरेजनं गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता. हा उपाय गावोगावी करतात आणि मला तो अजिबात पटत नाही. डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापायलाच तयार नसतं, चोक ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि उन्हाळ्यातली मूळ अडचण तशीच राहते.

कामठी रोडकडच्या एका गल्लीत जे चाचा फियाटचं काम करतात, त्यांनी आधी हातच लावला नाही. इंजिन चालू ठेवून रेडिएटरमध्ये डोकावून पाहत राहिले. पाण्यात बारीक बुडबुडे येत होते. “ताई, गॅस्केट गेली आहे. हेड उतरवा लागते. अन् रेडिएटर साफ केल्याशिवाय हेड बसवून काही फायदा नाही, सांगून ठेवतो,” म्हणाले. हेड उतरलं तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसून होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केट काळी पडून तिचा एक लचका निघालेला होता. चाचांनी हेड उलटं ठेवलं, पुसून स्वच्छ केलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांची) एक-एक पात खालून सरकवून पाहिली. टोकांना पात अडत होती, मधोमध सहज आत जात होती. हेड वाकलंय म्हणजे काय, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. मग ते फेसिंगला, म्हणजे यंत्रावर सपाट करायला गेलं, रेडिएटरची कोर नवी घातली, ब्लॉकमधला गाळ प्रेशरनं काढला. हेड बसवताना नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तेही एका दमात न आवळता टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं. चार दिवस काम चाललं, पण चाचांनी एक नटही अंदाजानं आवळला नाही.

तेव्हापासून रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचं मिश्रण, बोअरचं पाणी बंद. कूलंट फक्त थंडाव्यासाठी नसतं. बीड आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात असले की अ‍ॅल्युमिनियम आतून खात जातं, आणि कूलंटमधली रसायनं ते रोखतात. थर्मोस्टॅट परत बसवून घेतला. आता मे महिन्यात दुपारी व्हेरायटी चौकात अडकले तरी काटा मध्याच्या थोडा वर जाऊन थांबतो.

उन्हाचा दुसरा त्रास म्हणजे व्हेपर लॉक. टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाला चिकटलेला असतो, डायफ्रामवर (लवचीक पडद्यावर) चालणारा. कडक उन्हात गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला जावं तर पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असते आणि पंपाला ती ओढता येत नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवायचं, थोडं थांबायचं, गाडी सुरू होते. डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं ही माझी कायमची सोय आहे. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवून बांधली, त्यानंतर हा त्रास बराच कमी झाला.

नळ्यांचं निघालं म्हणून सांगते, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि या गाडीचं जुनं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. होस फुगून मऊ पडतात, डायफ्राम कडक होऊन चिरतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवली तर टाकी आतून गंजू शकते. इथेनॉलला टिकणारी होस टाकून घ्या, जुनी होस फुटून गरम इंजिनावर पेट्रोल गळणं ही फार धोक्याची गोष्ट आहे. आणि गाडी चालवत राहा.

आता चालवण्याबद्दल. स्टिअरिंगवरचा गिअर ज्यांनी कधी टाकला नाही त्यांना पहिला आठवडा जड जातो. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर जुळवून घेणारी सोय) नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आहेत, त्यांच्या सांध्यांतले बुश झिजले की गिअर दोन जागांच्या मध्येच अडकतो. अशा गाडीचं बॉनेट चौकात उघडून सळी हलवताना कुणी दिसलं तर मागून हॉर्न वाजवू नका, कृपा करा. बुशचा सेट स्वस्त आहे आणि तो बदलल्यावर गिअर असा पडतो की हाताला समाधान मिळतं. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पाय जोरात दाबावा लागतो आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं लागतं. वर्धा रोडवर मी साठ-सत्तरच्या वर जात नाही. तेवढ्या वेगाला ही गाडी खरंच सुंदर चालते. पुढची लांब सीट, दाराची छोटी तिकोनी काच उघडली की थेट अंगावर येणारा वारा, आणि पातळ खांबांमुळे चारही बाजूंना स्वच्छ दिसणारा रस्ता. आजकालच्या गाडीत असं मोकळं दिसत नाही. माझ्याकडे लिटरला अकरा-बारा किलोमीटर पडतात.

पुढच्या चाकांच्या किंगपिनांना (चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्यांना) ग्रीस लागतं, हे नवे मालक विसरतात. दर दोन-अडीच हजार किलोमीटरला ग्रीस मारून घ्या, नाहीतर स्टिअरिंग जड होतं आणि किंगपिन बदलायचं मोठं काम निघतं.

विदर्भातली गाडी का, ते सांगायचं राहिलं. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. दाराखालची सिल, फ्लोअर आणि जॅक लावायची जागा गंजली की गाडीची ताकदच जाते. मुंबईची खारी दमट हवा पत्रा आतून खाते, वरून चकचकीत रंग मारलेला असतो. आपल्याकडची कोरडी हवा इंजिनाला छळते पण पत्र्याला जपते. इंजिन कितीही बिघडलेलं असलं तरी चाचांसारखा माणूस ते उभं करतो. कुजलेल्या सांगाड्याचं डेंटिंग मात्र इंजिनापेक्षा महाग पडतं आणि तरी पहिल्यासारखं होत नाही.

सुट्या भागांचं चित्र गेल्या काही वर्षांत बदललं. मुंबईची काळी-पिवळी हीच या भागांची मोठी गिऱ्हाईक होती. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती आणि २० वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्यावर ब्रेकचे रबर किट, क्लच प्लेट, वॉटर पंप असं रोजचं सामान कमी यायला लागलं आणि डुप्लिकेट वाढलं. एका दुकानातून घेतलेला नवा वॉटर पंप माझ्याकडे महिनाभरात गळायला लागला. दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला.

इथे आमचे फियाटवाले कामी आले. सिव्हिल लाइन्समध्ये सावलीच्या रस्त्यावर रविवारी सकाळी आमच्या गाड्या जमतात, मग तर्री पोहे. पण खरं काम फोनवर चालतं. एक निवृत्त काका आहेत, त्यांच्याकडे कंपनीचं मूळ वर्कशॉप मॅन्युअल आहे आणि विचारलं की ते त्या पानाचा फोटो पाठवतात. इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा आहे, त्यानं कार्बोरेटर खोलून साफ करायला मला शिकवलं. कुणी मुंबईला निघालं की यादी जाते, कुर्ल्याच्या बाजारातून चार-पाच गाड्यांचं सामान एकदम येतं. माझा गळका पंप पाहून काकांनी त्यांचा जुना, मूळचा पंप दिला. “तू नवी सील टाकून घे, बाळा, याची बॉडी चांगली आहे,” म्हणाले. तो अजून चालतो आहे. या माणसांमुळे मी गाडीला पाचपैकी साडेचार देते. ही माणसं नसती तर तीन दिले असते, कारण एकट्यादुकट्यानं आता ही गाडी सांभाळणं फार कठीण झालंय.

कागदपत्रं थोडक्यात. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, आणि २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारसाठी ही फी १० हजार झाली आहे. २०२१ च्या नियमानं ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांपुरतीच काढता येते. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी हा विचार करूनच अर्ज करावा.

बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनाचं रेडिएटर कॅप उघडून पाणी पाहा. त्यावर तेलाची साय असेल किंवा इंजिन सुरू झाल्यावर बुडबुडे येत असतील तर हेडचं काम धरूनच भाव करा. मॅट उचलून फ्लोअर बोटानं दाबा, सिलखाली लोहचुंबक फिरवा. पुट्टी भरलेली असेल तिथे तो चिकटत नाही. मग अर्धा तास गर्दीतून चालवा आणि त्या वेळात फक्त तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. शक्य असेल तर हे सगळं एप्रिल-मे मध्ये करा. जानेवारीत नागपुरातली प्रत्येक फियाट चांगलीच चालते.