हीरोक्वेस्ट: छोट्यांसाठी गोष्टीचा खेळ

हीरोक्वेस्ट हा वीर, राक्षस आणि खजिन्याचा पटावरचा खेळ. खोक्यावर वय १४+ आहे. तरी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत सुट्टीला सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी हा खेळ जरूर काढावा. झारगॉन म्हणजे राक्षसांची बाजू खेळणारा दुष्ट खलनायक; त्याच्याऐवजी आजीने किंवा काकाने गोष्ट सांगायची.

चालीचे दोन फासे बाजूला ठेवा, कारण दोन-तीन घरं सरकण्यात मुलं कंटाळतात. लढाईचे फासे मात्र हवेतच: सहापैकी तीन बाजूंना कवटी, मोजायला सोपं. खजिन्याच्या पत्त्यांतले सापळे आणि भटके राक्षस आधीच काढा. खरी अडचण वीरांपैकी जादूगाराची. हल्ल्याला एकच फासा, त्यामुळे तो घेणारं मूल हिरमुसतं. त्याला दोन द्या. आपल्या खेळात जीवाचे गुण शून्यावर आलेला वीर मरत नाही, बेशुद्ध पडतो. सोबत्याने पाणी पाजलं की उठतो.

दारापाशी थांबून विचारा, ‘आत कसला आवाज येतोय?’ पुढची खोली त्या उत्तरातूनच रचा, फार सुंदर होते.