डॉमिनो, हंबग आणि ब्लू डेव्हिल: घरच्या मरीन टाकीतील तापट डॅमसेल माशांचा वर्षभराचा अनुभव

मरीन टाकी, म्हणजे समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी, सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला दुकानात पहिला मासा म्हणून डॅमसेल सुचवला जातो. तो काही शे रुपयांत मिळतो, रंगाने डोळ्यांत भरतो आणि पाण्याची थोडी हेळसांड झाली तरी तग धरतो. त्यामुळे आधी त्याच्यावर टाकी ‘चालू’ करायची आणि मनातले मासे नंतर आणायचे, असा शिरस्ता पडून गेला आहे. ठाण्यातील आमच्या घरी मी मुद्दाम वेगळा मार्ग धरला आणि डॅमसेल हेच कायमचे रहिवासी मानून टाकी त्यांच्यासाठी उभारली. वर्ष उलटून गेल्यावर माझे मत असे बनले आहे की, या माशांचा तापटपणा घरच्या टाकीत नक्की सांभाळता येतो. मात्र जागा, जातींची निवड आणि मासे सोडण्याचा क्रम या तिन्ही गोष्टी पहिला मासा घरी येण्यापूर्वीच ठरलेल्या असाव्या लागतात.

टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे सुमारे ४५० लिटरची आहे. पाणी आरओ यंत्रातून गाळलेले, त्यात मरीन सॉल्ट मिक्स, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर घनता १.०२५ आणि तापमान २६ अंशांच्या आसपास. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पाणी थंड करणाऱ्या चिलरशिवाय हे तापमान टिकत नाही, त्यामुळे हा खर्च सुरुवातीलाच धरून चालावे. बाष्पीभवनाने फक्त पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. म्हणून रोजची घट गोड्या आरओ पाण्याने भरावी लागते. पाण्याचे चक्र, म्हणजे घाणीतून होणाऱ्या अमोनियाचे जिवाणूंनी आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणे, बसवण्यासाठी मी एकही मासा वापरला नाही. बाटलीतील अमोनिया आणि जिवाणूंचे द्रावण घालून, अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत काही आठवडे टाकी रिकामी चालवली. डॅमसेल अमोनिया सहन करतो हे खरे. पण त्या काळात त्याचे कल्ले पोळत असतात, आणि जो मासा पुढे अनेक वर्षे आपल्या घरात राहू शकतो त्याची सुरुवात अशी व्हावी हे मला मान्य नाही. शिवाय जो मासा रिकाम्या टाकीत आधी शिरतो तो सगळी टाकी आपलीच समजतो, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला त्याची किंमत मोजावी लागते.

सर्वाधिक विचार दगडांच्या रचनेवर केला. खडक घडवणारी जिवंत प्रवाळे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरी आणण्याचा प्रश्नच येत नाही, आणि कोणी विकत देऊ केली तरी घेऊ नयेत. मी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड आणि फांद्या असलेली रेझिनची कृत्रिम प्रवाळे वापरली. दगडांची एकच लांब भिंत न रचता तीन स्वतंत्र ढीग केले, आणि एका ढिगापाशी पोहणाऱ्या माशाला दुसऱ्या ढिगामागचे काही दिसणार नाही अशी त्यांची मांडणी ठेवली. समोरचा मासा नजरेआड झाला की पाठलाग बहुतेक वेळा तिथेच थांबतो. उघड्या, सपाट टाकीत तो थांबण्याचे कारणच उरत नाही.

तीन हंबग, म्हणजे पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे असलेले मासे, एकाच वेळी सोडले. समुद्रात हे मासे फांद्यांच्या प्रवाळात घोळक्याने राहतात आणि त्यांच्यात आकारानुसार उतरंड असते. टाकीतही पहिल्या काही आठवड्यांतच ती ठरली: सर्वांत मोठ्याने रेझिनच्या प्रवाळाचा मध्यभाग घेतला, उरलेले दोघे कडेच्या फांद्यांत राहू लागले. काच पुसायला हात आत घातला की मोठा हंबग अंगठ्याच्या मुळाशी येऊन ठोसा मारतो. जखम होत नाही, पण दचकायला होते. साफसफाईसाठी वेव्हमेकर (पाण्यात लाटा करणारा पंप) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) बंद केले, की काचेला कान लावल्यावर या माशांचा ‘टक्-टक्-टक्’ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. या कुळातील मासे हद्द राखताना आणि जोडीदाराला बोलावताना असे आवाज काढतात. नर वर झेप घेऊन एकदम खाली येतो आणि त्याच क्षणी तो आवाज होतो, हे प्रत्यक्ष पाहण्याचा आनंद फार मोठा आहे. केवळ यासाठीही मी हंबग पुन्हा घेईन.

ब्लू डेव्हिलची एकच जोडी आहे. मादीच्या पाठीवरच्या पराच्या मागील टोकाशी लहान काळा ठिपका असतो, त्यावरून ओळख पटते. मासा घाबरला की त्याचा झगझगीत निळा रंग पाहता पाहता काळपट होतो. म्हणूनच दुकानातील टाकीत काळपट दिसणारा मासा आजारीच असेल असे नाही. त्याला थोडा वेळ द्यावा आणि कल्ल्यांची हालचाल पाहून निर्णय घ्यावा. नर एका बिळाच्या तोंडाशी ठाण मांडतो आणि हातभर अंतरात कोणाला येऊ देत नाही, पण त्यापलीकडे तो कोणाच्या वाटेला जात नाही. दोन नर मात्र या आकाराच्या टाकीत ठेवू नयेत.

डॉमिनोविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण हा मासा भरपूर विकला जातो आणि त्याच्याविषयी फार कमी सांगितले जाते. मखमली काळ्या अंगावर तीन शुभ्र ठिपके असलेले रुपयाएवढे पिल्लू पाहून कोणालाही मोह व्हावा. परंतु पूर्ण वाढलेला डॉमिनो १४ सेंटिमीटरपर्यंत जातो, त्याचे ठिपके विरत जातात आणि काळा रंग राखाडी होतो. माझ्या डॉमिनोचे वागणे शरीराबरोबरच बदलत गेले. पहिले काही महिने तो दगडांत लपून राही. अंगठ्याएवढा झाल्यावर त्याने एक ढीग ताब्यात घेतला. त्यानंतर शेपटीच्या फटकाऱ्याने वाळू उडवून खड्डा करणे आणि दुपटीने मोठ्या माशाच्या अंगावर जाणे सुरू झाले. त्याला मी शेवटचा सोडला होता आणि मोठी टाकी असलेल्या एका स्नेह्यांशी आधीच बोलून ठेवले होते, म्हणून हे निभावले. आता तो त्यांच्या आठ फुटी टाकीत ट्रिगरफिशसोबत राहतो. चार फुटी टाकीत डॉमिनो कायमचा ठेवू नये, हे मी ठामपणे सांगेन.

सोबतीला क्लाउनफिशची जोडी, म्हणजे याच कुळातले मासे, आणि एक फॉक्सफेस रॅबिटफिश आहे. फॉक्सफेसच्या पाठीचे काटे विषारी असतात; डॅमसेल एकदोनदा अंगावर गेले, त्याने काटे उभारले आणि विषय संपला. क्लाउनफिश सर्वांत आधी, मग फॉक्सफेस, मग हंबग, मग ब्लू डेव्हिल आणि अखेरीस डॉमिनो, हा क्रम मी कटाक्षाने पाळला. प्रत्येक नवा मासा वेगळ्या टाकीत काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवला, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की काढणे फार कठीण जाते. नंतर त्याला भोके पाडलेल्या ॲक्रिलिकच्या पेटीतून मुख्य टाकीत टांगून ठेवले. जुने मासे पेटीवर धडका देणे थांबवेपर्यंत ती उघडायची नाही. उघडायची तीही रात्री दिवे मालवल्यावर, आणि त्याआधी दोनचार दगडांची जागा बदलून, म्हणजे जुन्यांनाही आपली हद्द नव्याने शोधावी लागते. फायरफिश, लहान गोबी, कार्डिनल यांसारखे भित्रे मासे या टाकीत आणण्याचा विचारही करू नये. ते खाणे सोडतात आणि कोपऱ्यात झुरतात.

खाणे दिवसातून तीनदा, थोडे थोडे: पेलेट (दाणे), फ्रोझन मायसिस (गोठवलेली बारीक कोळंबी) आणि फॉक्सफेससाठी नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ). खाणे नेहमी टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी टाकतो. पोट रिकामे असले की भांडणे वाढतात, हे इतक्या वेळा दिसले आहे की आम्ही गावाला जातो तेव्हा स्वयंचलित फीडरवर तीन वेळा लावून जातो. जास्त खाण्यामुळे नायट्रेट वाढते, त्यासाठी दर आठवड्याला ४५ लिटर पाणी बदलतो.

ज्यांची टाकी तीन फुटांची किंवा त्याहून लहान आहे, त्यांनी वरीलपैकी एकही डॅमसेल न घेता निळ्या अंगाचा आणि पिवळ्या शेपटीचा यलोटेल डॅमसेल एकच घ्यावा. तो सातएक सेंटिमीटरवर थांबतो आणि त्या मानाने शांत असतो. कोणताही डॅमसेल घेताना तो परत काढायची सोयही करून ठेवावी. दगडांतून जाळीने हा मासा हाती लागत नाही. प्लास्टिकच्या बाटलीचे तोंड कापून उलटे आत बसवायचे, तळाशी मायसिस ठेवायचे आणि बाटली त्याच्या हद्दीत आडवी ठेवायची. डॉमिनो असाच पकडला. बाटली त्याच्या खड्ड्यात ठेवली होती आणि तो तिला हुसकावून लावायला स्वतःच आत शिरला.