पावसाळा काढलेलं घरचं फर्निचर: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

टेबल पूर्ण झालं की फोटो सगळेच टाकतात. ऑगस्टमध्ये त्याचा ड्रॉवर उघडतो का, मे महिन्यात फळीला भेग गेली का, शेल्फ पुस्तकांच्या वजनाने वाकलं का, हे मात्र मला सुरुवातीला कुठेच नीट वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत काम करून मी तीन वस्तू बनवल्या: सागवानी अभ्यासाचं टेबल, प्लायवूडचं पुस्तकांचं शेल्फ आणि स्वयंपाकघरात वापरायचं स्टूल. टेबल मागच्या दिवाळीआधी उभं राहिलं, बाकीचं उन्हाळा लागायच्या आत. आता पावसाळा सरत आलाय आणि तिन्ही वस्तू रोजच्या वापरात आहेत.

टेबलाबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त त्यातच होतं.

लाकूड जुनं घेतलं. पुण्यात वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, चौकटी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधल्या वखारींत येतात. हे सागवान वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे नव्या लाकडासारखं घरी आणल्यावर पीळ मारत नाही. नवं घ्यायचं तर बल्लारशाकडचं, ज्याला बाजारात सीपी (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचं) सागवान म्हणतात, ते उत्तमच आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीकडचंच सागवान गेलं. फक्त ते किती वाळलंय याची खात्री करून घ्यावी लागते. वखारीतल्या काकांनी मला फळीच्या कडेवर बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, "ताई, पांढरं किती जातंय ते आधी बघा, मग भाव करा." हे पांढरं म्हणजे सालीलगतचं लाकूड. सागवानाची सगळी कीर्ती आहे ती आतल्या गाभ्याच्या लाकडाची. पांढऱ्या भागाला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात.

जुन्या लाकडात खिळे असतात, अगदी आत मोडून राहिलेलेही. म्हणून चिरायला नेण्याआधी प्रत्येक बाजूवरून चांगलं जाड लोहचुंबक फिरवलं. सॉ मिलवाले खिळ्याच्या लाकडाला नाखूश असतात आणि त्यांचं बरोबर आहे, करवतीचा पट्टा जातो. खिळा उपटून काढला तरी त्याच्याभोवती काळं वर्तुळ राहतं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की तो काळा रंग तयार होतो, आणि तो रंधून जात नाही. माझ्या टेबलावर उजव्या हाताशी असे दोन काळे ठिपके आहेत. ते मी मुद्दाम वरच्या बाजूला ठेवले. वरून राखाडी, धुळकट दिसणारी तुळई रंध्याखाली पहिल्यांदा उघडते, आतून मधाच्या रंगाची धार दिसते आणि बाल्कनीभर तो चामड्यासारखा तेलकट वास सुटतो. एवढ्यासाठी तरी प्रत्येकाने एकदा जुनं सागवान हाताळावं.

हिशोबही सांगते, कारण वखारीत भाव घनफुटाने होतो आणि नवखा माणूस तिथेच गडबडतो. चार फूट बाय दोन फुटांचं, एक इंच जाडीचं टेबलटॉप म्हणजे साधारण पाऊण घनफुटाला जरा कमी. अडीच इंची चार पाय आणि खालची चौकट धरून एकूण दीड घनफुटाच्या आत बसतं. पण रंधून एक इंच उरायला फळी सव्वा इंची घ्यावी लागते, टोकं कापली जातात, फुटकी बाजू जाते. सव्वादोन घनफूट घ्या आणि निश्चिंत राहा.

आता मुख्य गोष्ट. लाकूड पाळलेल्या जनावरासारखं ऋतूप्रमाणे अंग बदलतं आणि पॉलिश मारल्याने ते थांबत नाही, फक्त सावकाश होतं. लांबीत फरक जवळपास पडतच नाही. रुंदीत पडतो. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि वलयांना आडव्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतं. इतर बऱ्याच लाकडांच्या मानाने हे कमीच आहे, म्हणून तर दारं-खिडक्या सागवानाच्या करतात. तरी पुण्याचा मे आणि पुण्याचा ऑगस्ट यांत हवेतल्या दमटपणाचा फरक प्रचंड असतो. माझ्या ओलावामापकावर याच टेबलाने मे महिन्यात ९ टक्के दाखवलं आणि ऑगस्टमध्ये १५ च्या वर. दोन फुटी रुंदीत या दोन टोकांमध्ये जवळजवळ ४ मिलिमीटरचा फरक पडला. मी स्टीलच्या पट्टीने मोजलाय.

हे ४ मिलिमीटर जायचे कुठे? टॉप खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळला असता तर उन्हाळ्यात आकसताना मध्ये भेग गेली असती, किंवा पावसात फुगताना चौकटीचे सांधे उघडले असते. त्यासाठी जुनी आणि साधी युक्ती आहे: लाकडी गुटके. गुटक्याचं एक टोक टॉपला खालून स्क्रूने बसवायचं आणि दुसऱ्या टोकाची जीभ चौकटीच्या आतल्या खाचेत अडकवायची. टॉप वर उचलला जात नाही, पण आडवा सरकायला मोकळा राहतो. पावसाळ्यात खाली वाकून बघितलं तर गुटक्यांच्या जिभा खाचेतून सरकलेल्या स्पष्ट दिसतात. टॉप आजही सपाट आहे, सरळ पट्टी ठेवली तर खालून उजेड येत नाही. सागवानाचं टेबल बनवणाऱ्या कुणालाही माझा पहिला सल्ला हाच आहे: बाकी काही जमो न जमो, टॉपला हलायला जागा द्या.

पायांचे सांधे कूस आणि खाच असे केलेत, म्हणजे एका लाकडाचं निमुळतं कापलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेलं, स्क्रू एकही नाही. वर्षभरात एकाही सांध्यात हालचाल नाही, आणि या टेबलावर मुलं चढतात. एक बारकावा महत्त्वाचा: सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे फेव्हिकॉल लावण्याआधी सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घ्यावे आणि लगेच चिकटवावं. क्लॅम्प निदान रात्रभर ठेवावेत आणि सांध्यावर पूर्ण भार २४ तासांनंतरच द्यावा.

ड्रॉवर हा पावसाळ्यातला खरा कस. त्याच्या बाजू मी १२ मिलिमीटर प्लायच्या केल्या आणि फक्त पुढची फळी सागवानाची ठेवली. ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण साडेबारा मिलिमीटर जागा लागते, ती काटेकोर ठेवली. पुढच्या फळीभोवती अडीच-तीन मिलिमीटरची फट आहे. हिवाळ्यात ती डोळ्याला जरा जास्त वाटायची. जुलैमध्ये ती निम्म्यावर आली आणि ड्रॉवर अडला नाही. ज्यांच्या घरची जुनी लाकडी कपाटं दर पावसाळ्यात हिसके देऊन उघडावी लागतात त्यांना याची किंमत कळेल.

पॉलिशबद्दल मात्र माझं मत वापरताना बदललं. टेबलाला फ्रेंच पॉलिश आहे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. दिसायला याला तोड नाही, सागवानाचा रंग खोल होतो, आणि सुती कापडाची पुडी करून हाताने लावण्यात जो आनंद आहे तो फवारणीत नाही. पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं कडं उमटतं, सांडलेलं पाणी राहिलं तरी तेच. दुरुस्ती सोपी असते हे खरं, नव्या थरातलं स्पिरिट जुना थर विरघळवून त्यात मिसळतं, त्यामुळे पुन्हा हात फिरवला की डाग जातो. लिहायच्या टेबलाला हे चालून जातं. जेवणाच्या टेबलाला मी फ्रेंच पॉलिश सुचवणार नाही, तिथे मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या. आणि फ्रेंच पॉलिश पावसाळ्यात लावूच नका, हवेतली वाफ थरात अडकून पृष्ठभाग दुधाळ होतो.

स्टुलाला डबल बॉइल्ड अळशीचं तेल आहे. स्वयंपाकघरात ते छान टिकलंय, वर्षातून एकदा चिंधीने तेल चोळलं की काम झालं. त्या चिंध्या मात्र कधीही बोळा करून टाकू नयेत. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठून कापड आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा, मगच कचऱ्यात. डब्यावर हे बारीक अक्षरात असतं, मी ठळक सांगतेय.

शेल्फ प्लायचं आहे, १८ मिलिमीटर, आयएस ७१० छापाचं. कोरड्या खोलीतल्या शेल्फला एवढं पाणीरोधक प्लाय लागत नाही, पण आमची ती भिंत पावसात ओल धरते म्हणून घेतलं. आठ बाय चारचा तक्ता आमच्या लिफ्टमध्ये जात नाही, त्यामुळे दुकानातच पॅनल सॉवर मापात कापून आणला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी असंच करावं: कापही सरळ येतो आणि शेजाऱ्यांची दुपारही शाबूत राहते. शेल्फच्या बाबतीत एकच नियम पाळला, आधाराशिवाय कप्पा ७५ सेंटिमीटरपेक्षा लांब नाही. पुस्तकं ओळीने भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली तर वाक सोळापट होतो, आणि जाडी दुप्पट केली तर तो आठपट कमी होतो. शिवाय लाकूड कायमच्या वजनाखाली हळूहळू आणखी बसत जातं, म्हणून पहिल्या महिन्यात सरळ दिसणारी फळी वर्षाने पोटात येते. मी प्रत्येक कप्प्याच्या पुढच्या कडेला दीड इंची उभी सागवानी पट्टी चिकटवली. प्लायची कड झाकली गेली आणि फळी ताठ राहिली. शब्दकोश आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे असलेला कप्पासुद्धा आज सुतात आहे.

हत्यारांबद्दल विचारणारे सगळ्यात जास्त असतात. सोसायटीत राहत असाल तर हातहत्यारांवर भर द्या. रंधा, पटाशी आणि करवत यांचा आवाज दाराबाहेर जात नाही. माझं काम मुलं झोपल्यावर होतं, तिथे मशीन चालवणं शक्यच नाही. विजेचं म्हणून फक्त ड्रिल आहे. लोखंडी रंधा जुन्या बाजारातून घेतला, बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या. तिथे जुने दणकट रंधे मिळतात, पण विकत घेताना तळ सपाट आहे का आणि तोंडाशी तडा नाही ना हे उजेडात धरून बघायचं. पटाश्या तीन पुरतात: ६, १२ आणि २५ मिलिमीटर. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) मात्र नवा आणि चांगला घ्या, तोच वाकडा असेल तर पुढचं सगळं वाकडं. आणि क्लॅम्प वाटतात त्यापेक्षा जास्त लागतात.

या सगळ्याहून महत्त्वाची आहे धार. सागवानात सिलिका असते, ती पात्याची धार भराभर खाते. १००० नंबरचा दगड आणि त्यावर एक बारीक दगड एवढं सामान पुरतं. २५ अंशाची धार, टोकाला ३० अंशाची बारीक कड. माझ्या मते शिकणाऱ्याने पहिला महिना काही बनवूच नये, फक्त धार लावावी आणि टाकाऊ फळीवर रंधा चालवावा. धारदार पात्याखालून कागदासारखी अखंड, अर्धपारदर्शक साल निघते. तसं होऊ लागलं की सँडपेपरचं काम निम्मं होतं आणि धूळही.

धुळीचं हलक्यात घेऊ नका. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नोंदवलंय, तेही पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात. सागवानाच्या धुळीने अनेकांना त्वचेवर पुरळ येतं, मला मनगटावर खाज सुटायची. एन९५ मास्क आणि काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसणं, झाडू नाही.

पैशांचं विचाराल तर पहिल्या टेबलात बचत होत नाही. हत्यारांचा खर्च धरला तर तयार टेबल त्यात आलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वस्तूपासून गणित बदलतं. शिवाय दुकानात या किमतीला पार्टिकल बोर्ड मिळतो, ज्यात स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा पकड घेत नाही. माझ्या टेबलाचं काहीही बिघडलं तरी मला ते दुरुस्त करता येतं, आणि हा फरक मला पैशांपेक्षा मोठा वाटतो. उंचीसुद्धा मापाची: बाजारातली टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर असतात, मला ७२ सोयीचं पडतं, लिहिताना खांदे वर उचलावे लागत नाहीत.

स्वस्तात सराव करायचा असेल तर पॅकिंगच्या पॅलेटचं पाइन घ्या, पण त्यावर एचटी हा शिक्का बघून. त्याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आहे. एमबी असा शिक्का असेल तर ते मिथिल ब्रोमाइडने धुरी दिलेलं असतं, ते घरात नको. आंबा, रबरवूड किंवा पाइन काहीही घेतलं तरी कीड लागू नये म्हणून पॉलिशच्या आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. माझं स्टूल आंब्याचं आहे, त्याला हे केलं होतं. अजून खाली पिठासारखा भुसा पडलेला नाही.

पुढचं काम दिवाण. त्याचं लाकूड या महिन्यात आणून ठेवतेय, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून पलंगाखाली रचून, म्हणजे चारही बाजूंनी हवा खेळेल. रंधायला डिसेंबरमध्ये घेईन, मापकावर १२ च्या खाली आकडा आला की. सुरुवात करणाऱ्यांनीही लाकूड आत्ताच घेऊन ठेवायला हरकत नाही. तोवर धार लावायला शिकून होईल.