फ्युएल पंप: खोलून दुरुस्त करावा की नवाच बसवावा?

चावी फिरवली की टिक-टिक-टिक ऐकू येतं, मग ते मंदावतं आणि थांबतं. जुनी एमजी, मॉरिस मायनर किंवा जॅग्वार ज्यांच्याकडे आहे, त्यांना एसयू या ब्रिटिश बनावटीच्या इलेक्ट्रिक फ्युएल पंपाचा हा आवाज झोपेतही ओळखता येईल. एके दिवशी तो येत नाही. पंपावर पान्ह्याची मूठ हलकेच आपटली की पुन्हा येतो. अशी ठोकाठोकी करत काही दिवस निघतात, पण कधीतरी निर्णय घ्यावाच लागतो.

त्याआधी पंपच दोषी आहे ना, हे बघा. मी एकदा पंप उतरवला, खोलला, पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे आतले छोटे संपर्क) घासले, परत जोडला आणि तो चालला. आठवड्याने पुन्हा मुका. खरा दोष अर्थच्या वायरीत होता. ती पत्र्याला ज्या स्क्रूने कसली होती, त्याच्याखाली गंज धरला होता. काढ-घाल करताना गंज खरवडला जायचा आणि मला वाटायचं माझी दुरुस्ती फळली. म्हणून पंप जोडलेला असतानाच त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, अर्थ तपासा, टाकीचं झाकण सैल करून फरक पडतो का पाहा. टिकटिक अखंड आणि भरभर चालत असेल तर टाकी रिकामी आहे किंवा टाकीकडच्या पाइपमधून हवा ओढली जातेय. इंजिन बंद असताना दर काही सेकंदांनी एकच टिक येत असेल तर पेट्रोल कुठेतरी झिरपतंय किंवा पंपाची झडप धरत नाही.

आता पंप खोलायचा की नाही, हे त्याच्या रचनेवरून समजतं. कॉइल (विजेवर चालणारं चुंबक) डायफ्रामला, म्हणजे लवचिक पडद्याला, ओढते, पेट्रोल आत येतं. शेवटाला रॉकर, म्हणजे पॉइंटची उघडझाप करणारी कळ, पलटतो, पॉइंट उघडतात, आणि स्प्रिंग डायफ्रामला परत ढकलून पेट्रोल कार्बोरेटरकडे पाठवते. म्हणजे दाब ठरवते ती स्प्रिंग, वीज नव्हे. झिजतात ते पॉइंट, कडक होतो तो डायफ्राम. कॉइल आणि बॉडी सहसा दशकानुदशकं टिकतात. बॉडीला आतून खड्डे पडलेत, पाइपचे आटे गेलेत किंवा मीटरवर कॉइल तुटलेली दिसतेय, तर दुरुस्तीच्या किटवर पैसे घालू नका. हे सगळं धड असेल तर पंप दुरुस्तीलायक आहे.

दुरुस्ती अवघड नाही, पण चिकाटी मागते. किटमध्ये डायफ्राम, पॉइंट, झडपा आणि गॅस्केट येतात. बऱ्याच पंपांत डायफ्राम मधोमध ठेवायला 11 छोटे पितळी रोलर असतात. पहिल्या वेळी माझे 10च भरले. अकरावा शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत सापडला. खरी कसोटी डायफ्राम बसवण्यात आहे. पॉइंटची पट्टी बाजूला करायची, डायफ्राम आत फिरवत न्यायचा आणि दर वेळी अंगठ्याने सावकाश दाबून रॉकर पलटतो का ते बघायचं. एका जागी तो पलटेनासा होतो. तिथून थोडं थोडं उलटं फिरवत तो जेमतेम पलटेल तिथवर यायचं, स्क्रूची भोकं जुळवायची आणि मग आणखी 4 भोकं उलटं जायचं. भोकं 6 असतात, म्हणजे हा दोन-तृतीयांश फेरा झाला. इथे अंदाजपंचे केलं की पंप सुरुवातीला छान टिकटिकतो आणि बॅटरीचा जोर जरा कमी झाला की अडकतो. पॉइंट जुळलेल्या अवस्थेत अडकला आणि चावी चालूच राहिली, तर आतलं वायरिंग तापत राहतं.

बॉडी जुनीच ठेवून आत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असा मधला मार्गही आहे. आवाज तोच, रूप तेच, पॉइंट घासण्याची कटकट नाही. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मला हाच आवडतो, कारण उभ्या गाडीत पॉइंट हमखास काळे पडतात. अट एकच: अर्थ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक पत्र्याला जोडलंय, हे नक्की करा. एमजीची एमजीबी ही गाडीसुद्धा 1967पर्यंत पॉझिटिव्ह अर्थची होती, आणि मधल्या काळात कुणी तरी ती बदललेलीही असू शकते. साध्या पॉइंटवाल्या पंपाला याचं सोयरसुतक नसतं. इलेक्ट्रॉनिक पंप मात्र उलटा जोडला की संपलाच.

छोटा चौकोनी सॉलिड स्टेट पंप सगळ्यात स्वस्त आणि बसवायला सगळ्यात सोपा. पण घेताना त्याचा दाब वाचा. एसयू कार्बोरेटरला साधारण 3 पीएसआय पुरतात. त्याच्या दुप्पट दाबाचा पंप लावलात तर कार्बोरेटरात पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल रेटली जाते, कार्बोरेटर ओसंडतो आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास सुटतो. वर हा पंप दुरून पेट्रोल खेचण्यात कच्चा, त्यामुळे टाकीजवळ आणि खालच्या अंगाला लावावा लागतो, आणि आधी फिल्टर हवाच. बिघडला की फेकायचा. त्याची खडखडही वेगळी, जुन्या गाडीत ती मला तरी खटकते.

‘जुना, पण न वापरलेला’ म्हणून विकला जाणारा पंप म्हणजे नवा पंप नव्हे. खोक्यात 40 वर्षं पडलेला डायफ्राम तिथेच कडक होतो. शिवाय इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे किट घेतानाही ते इथेनॉल सोसणारं आहे का, हे विचारून घ्या.

इंजेक्शनवाल्या जुन्या गाड्यांचा हिशेब वेगळा. तिथला बॉशचा पंप काठ दाबून सीलबंद केलेला असतो, आणि के-जेट्रॉनिक या बॉशच्याच इंजेक्शन प्रणालीत दाब 5 बारच्या (सुमारे 70 पीएसआयच्या) आसपास असतो. तो घरी खोलायच्या फंदात पडू नका, सरळ बदला.

बॉडी धड असेल आणि दोन संध्याकाळी मोकळ्या असतील, तर मी किट आणून मूळ पंपच उभा करेन आणि योग्य दाबाचा एक चौकोनी पंप पाइपच्या तुकड्यासकट डिकीत टाकून ठेवेन. रोज कामाला गाडी लागत असेल तर इलेक्ट्रॉनिक स्विचवाला नवा घ्या, जुना पंप खोक्यात जपा; गाडी विकताना गिऱ्हाईक तो मागतं. आणि पंप कुठलाही लावा, वायरीत एक इनर्शिया स्विच (धक्का बसताच वीज तोडणारा) घाला. धडक बसून पाइप तुटला तरी चावी चालू असेतो इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ओततच राहतो.