मोठी बॅच की गावचा गाइड? हिमालयातला पहिला ट्रेक ठरवण्याआधी

बडोद्यात मे महिन्याची सुट्टी जवळ आली की दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतून कुणी ना कुणी हिमालयात ट्रेकला निघतंच. कुठला ट्रेक करायचा याची माहिती सगळे अगदी बारकाईने काढतात. उंची किती, बर्फ किती, रोज किती चालायचं, सगळं तोंडपाठ असतं. कुणाबरोबर जायचं हा प्रश्न मात्र मागे राहतो, आणि शेवटी ज्यांच्या तारखा जमतात त्यांच्याकडे पैसे भरले जातात. माझ्या मते हा प्रश्न आधी सोडवायला हवा, म्हणून दोन्ही प्रकार केल्यावर जे वाटलं ते लिहितो आहे. बूट, थर्मल, रकसॅक यांबद्दल इथे काही नाही, ते तुम्हाला ठाऊकच असेल.

पहिला प्रकार मोठ्या बॅचचा. तीस-चाळीस माणसं, प्रत्येक मुक्कामावर आधीपासून उभे असलेले तंबू, ठरलेलं वेळापत्रक, पुढे एक लीडर आणि शेवटी एक. हा मी हिमाचलमधल्या कसोलहून सर पासला केला. दुसरा प्रकार म्हणजे पाच-सहा घरची माणसं, पायथ्याच्या गावातलाच गाइड, त्याचा स्वयंपाकी आणि सामान वाहायला खच्चरं. हा उत्तराखंडातल्या सांक्रीहून हर की दूनला केला. दोन्ही वेळा माझ्याबरोबर भाऊ, वहिनी आणि भाचा होते, त्यामुळे तुलना करायला निदान माणसं तरी तीच आहेत.

दोन ट्रेक सारखे नाहीत हे आधीच मान्य करतो. सर पास सुमारे ४,२०० मीटरवर आहे, बर्फातून खिंड ओलांडून पलीकडे बिस्केरीच्या बाजूला उतरायचं असतं. हर की दून ३,५६६ मीटरवरची दरी आहे. टोकाला स्वर्गारोहिणी शिखर समोर उभं दिसतं आणि गेलो त्याच वाटेने परत यायचं असतं. तेव्हा एक ट्रेक अवघड वाटला आणि दुसरा सोपा, यातला काही भाग डोंगराचाच आहे. तो वजा करूनही जे उरतं त्याबद्दल बोलू.

पैशांचं थोडक्यात. चौघेच असाल तर गावच्या गाइडचा माणशी खर्च मोठ्या बॅचपेक्षा जास्त येतो, कारण गाइड, स्वयंपाकी आणि खच्चरवाला यांची मजुरी चौघांतच वाटली जाते. सहा-आठ जण झाले की फरक बराच कमी होतो. पैसे हा एकच निकष असेल आणि माणसं कमी असतील, तर मोठी बॅच घ्या.

जेवणात मोठी बॅच वाईट नव्हती. गुजरातहून इतकी मंडळी येतात की बिनकांद्या-लसणाचं वेगळं मागावंही लागलं नाही. फक्त ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मागच्याच्या ताटात पडेपर्यंत डाळ गार. सांक्रीच्या स्वयंपाक्याच्या हातचा राजमा-भात आणि मंडुव्याची, म्हणजे नाचणीची, रोटी मला जास्त आवडली, पण हा आवडीचा प्रश्न आहे. दोन्हीकडे सर्वांत आधी संपले ते घरून नेलेले खाखरे आणि सुखडी, तेव्हा ते वाटतात त्याच्या दुप्पट न्या.

आता ज्या एका गोष्टीने माझा कल ठरला तिच्याकडे येतो. ती म्हणजे वाटेतली विश्रांती.

डोंगरातली पायवाट एका माणसापुरती असते. तीस-पस्तीस माणसं त्या वाटेला लागली की तासाभरात रांग ताणते. पुढचा आणि शेवटचा यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर सहज पडतं. लीडर एखाद्या सपाट जागी पुढच्यांना थांबवतो. ते बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. शेवटची माणसं धापा टाकत तिथे पोचतात तेव्हा पुढच्यांची विश्रांती पुरी झालेली असते, घाम वाळून अंगात थंडी भरायला लागलेली असते, आणि दुपारच्या आत मुक्काम गाठायचा असतो कारण पहाडात दुपारनंतर हवा बिघडते. म्हणून लीडर शिट्टी वाजवतो. त्याचं काहीच चुकलेलं नसतं. पण हिशेब असा होतो की जो सर्वांत दमलेला आहे त्यालाच सर्वांत कमी विश्रांती मिळते.

आमच्यात ती वहिनी होती. सर पासच्या वाटेवरच्या नगारूच्या चढावर ती खडकापाशी आली, रकसॅकचा छातीवरचा पट्टा सोडला, बाटली काढली, आणि झाकण फिरवत असतानाच शिट्टी झाली. तिने बाटली तशीच परत खोचली आणि पट्टा लावला. मी मागे थांबून म्हटलं, ‘वहिनी, दोन मिनिटं बसा, मी सांगतो त्यांना.’ ती म्हणाली, ‘नको भाऊजी, माझ्यामुळे सगळे खोळंबतात.’ दिवसभर हेच. मागे पडलेलं माणूस ते अंतर भरून काढायला दमापेक्षा जास्त वेगाने चालतं, आणि उंचीवर नेमकं तेच करायचं नसतं. ४,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. आपलं बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंच. तिथून उठून आलेल्या शरीराला सावकाश चालण्याखेरीज दुसरा उपाय नाही.

याचा पुढचा परिणाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी वहिनीचं डोकं दुखत होतं आणि जेवण जात नव्हतं. उंचीच्या आजाराची सुरुवात अशीच होते, डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, गळून जाणं. पण दिवसभर न बसता, पुरेसं पाणी न पिता चाललेल्या माणसाचीही हीच अवस्था होते. मग हा थकवा म्हणायचा की उंची लागली म्हणायचं? लीडरने ऑक्सिमीटर लावला, आकडा वहीत लिहिला आणि तो पुढच्या तंबूकडे गेला. पस्तीस माणसं तपासायची असली की यापेक्षा जास्त त्याने तरी काय करावं. सकाळपर्यंत तिला बरं वाटलं आणि खिंड पार झाली. पण ती रात्र भावाने जागून काढली, आणि मला त्या ट्रेकची तीच आठवण पहिली येते, बर्फावरची घसरण नंतर.

हर की दूनला तालुका नावाच्या गावापासून चालायला लागलो तेव्हा गाइडने पहिल्या पुलापर्यंत आमची चाल नुसती पाहिली. पुलापलीकडे तो वहिनीला म्हणाला, ‘दीदी, आप मेरे पीछे चलो, बाकी सब आपके पीछे.’ बस, एवढाच बदल. सर्वांत सावकाश चालणारं माणूस पुढे आलं आणि अख्ख्या गटाचा वेग त्याच्यापाशी बांधला गेला. हात पाठीमागे बांधून तो वळणावळणावर उभा राहायचा, दरीत कुठे अक्रोडाची झाडं आहेत, कुठे मागच्या वर्षी दरड आली ते दाखवायचा, आणि तेवढ्यात वहिनीचा दम परत आलेला असायचा. ती थांबते आहे असं कुणालाच वाटायचं नाही. भाच्याला ही चाल कंटाळवाणी झाली, तर त्याला खच्चरवाल्याबरोबर पुढे पाठवून दिलं. कलकत्तियाधारला पोचल्यावर वहिनीने दोनदा भात मागून घेतला. मला तेवढी तपासणी पुरेशी होती.

लहान गटाचा आणखी एक फायदा असा की मुक्काम हलवता येतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांत एक विश्रांतीचा दिवस ठेवावा, असं डॉक्टर सांगतात. मोठ्या बॅचमध्ये आज तुम्ही सोडलेल्या तंबूत संध्याकाळी दुसरी बॅच येणार असते. तिथे एक दिवस जास्त राहायचं तर तुम्हाला एकट्याला मागे ठेवावं लागतं किंवा खाली पाठवावं लागतं. गावच्या गाइडला फक्त शिधा एक दिवस जास्तीचा घ्यायला सांगायचा असतो. उंचीच्या आजारासाठी डायमॉक्ससारखी गोळी बरोबर नेणार असाल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच न्या, आणि ती खाऊन चाल वाढवायची नाही.

मुक्कामाच्या जागांबद्दलही थोडं सांगायला हवं. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि माणसांची संख्याही मर्यादित केली. अनेकांना तो जाच वाटला. पण रोज चाळीस-पन्नास माणसांचा तळ पडणारी जागा हंगामाच्या शेवटी कशी दिसते हे ज्याने पाहिलं आहे, त्याला हा निर्णय पटेल. शौचासाठी खणलेले खड्डे, चिखल, गवताचा मागमूस नाही. पाच माणसांचा तळ उठल्यावर आमच्या गाइडने चुलीची राख पसरली, दगड परत जागच्या जागी ठेवले आणि कचऱ्याची पिशवी खच्चरावर बांधली. पाच माणसांचं आवरता येतं, चाळिसांचं कितीही ठरवलं तरी कठीण जातं.

शिवाय गाइड त्याच दरीतला असला की वाट नुसती वाट राहत नाही. ओसलाला त्याच्या मावशीचं घर होतं. देवदाराच्या लाकडाचं, खाली गुरं आणि वर माणसं. तिथे चुलीपाशी बसून चहा मिळाला. त्या गावातल्या जुन्या लाकडी देवळाला बाहेरचे लोक दुर्योधनाचं मंदिर म्हणतात, गावकरी सोमेश्वराचं सांगतात. रुपीन आणि सुपीन या नद्या मिळून नैटवाडला टोन्स नदी होते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा ज्याचं लहानपण सुपीनच्या काठी गेलं त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. मोठ्या बॅचचे लीडर अनेकदा दुसऱ्या राज्यातले, हंगामापुरते आलेले असतात. मुलं उत्साही आणि तयारीची असतात, पण ती दरी त्यांची नसते.

तरीही मोठी बॅच कुणासाठी योग्य, हे प्रामाणिकपणे सांगतो. एकटे जाणार असाल, वय पंचविशीच्या आतबाहेर असेल आणि पाय चांगले चालत असतील, तर ती मजा दुसऱ्या कशात नाही. माझ्या भाच्याचे सर पासवर झालेले मित्र आजही त्याच्या संपर्कात आहेत. बर्फातली खिंड असेल तर मोठ्या संस्थेकडे दोर, मायक्रोस्पाइक (बर्फासाठी बुटांना लावायचे काटे), ऑक्सिजनचं सिलिंडर आणि वॉकीटॉकी असण्याची शक्यता जास्त. पहाटे अंधारात, बर्फ घट्ट असतानाच खिंडीकडे निघायचं असतं, तेव्हा आधीच्या बॅचने पाडलेल्या पायऱ्या फार उपयोगी पडतात. गावच्या गाइडबरोबर यातलं बरंचसं तुम्हालाच विचारून घ्यावं लागतं. प्रथमोपचाराची पेटी आणि ऑक्सिमीटर तर आम्ही बडोद्याहूनच नेलं होतं.

आणि गाइड चांगला निघेलच असं नाही, हा दुसऱ्या पर्यायातला खरा धोका. म्हणून पैसे पाठवण्याआधी फोनवर निवांत बोलून घ्या. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा तशा एखाद्या संस्थेचा कोर्स केला आहे का? कुणी आजारी पडलं तर खाली कसं आणता, जवळचा मोटाररस्ता कुठे, खच्चर मिळेल का? गोविंद राष्ट्रीय उद्यानाचा परवाना कोण काढणार? स्वतः येणार की ऐनवेळी पुतण्याला पाठवणार? या शेवटच्या प्रश्नाला जो न अडखळता उत्तर देतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. मोठ्या बॅचच्या कार्यालयाला एवढंच विचारा की शेवटच्या माणसाला थांब्यावर किती मिनिटं मिळतात. उत्तर कसं देतात त्यावरून बरंच कळेल.

तरीही ठरत नसेल तर एका रविवारी ज्यांच्याबरोबर जायचं आहे त्या सगळ्यांना पावागडला घेऊन जा. जीप आणि रोपवे नको, चांपानेरपासून पाठीवर भरलेली रकसॅक घेऊन पायी चढा. पहिला माणूस वर पोचल्यापासून शेवटचा येईपर्यंतचा वेळ पाहा. दहा मिनिटांच्या आत सगळे आले तर कुठल्याही बॅचमध्ये तुमचं निभेल. अर्धा तास लागला, तर माझं मत गावच्या गाइडच्या बाजूने आहे, मग माणशी थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

हर की दूनसाठी मला मे महिन्यापेक्षा दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते. पावसाळा सरलेला असतो, आकाश स्वच्छ असतं आणि गुजरातच्या शाळांना तीन आठवडे सुट्टी असते. मात्र दिवाळी उशिरा आली तर रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी धरून चला. बांद्र्याहून हरिद्वारला जाणारी गाडी बडोद्यावरूनच जाते. पुढे डेहराडूनहून सांक्रीपर्यंत गाडीने अख्खा दिवस मोडतो आणि रस्ता वळणांचा आहे, तेव्हा पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच चालायला सुरुवात करू नका. सांक्रीत एक दिवस राहा. तिथली उंचीही दोन हजार मीटरच्या आसपास आहे, आणि गाइडलाही तुमची चाल बघायला तो दिवस उपयोगी पडतो.