पोहता येतंय पण एका लेंथमध्ये धाप लागते, त्यांच्यासाठीची फ्रीस्टाइल बॅच

कोल्हापुरात पोहता येत नाही असा माणूस कमीच, कुणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला, कुणी रंकाळ्यात, कुणी पंचगंगेत, आणि स्टाइल सगळ्यांची एकच, मुंडी वर, हात धपाधप आणि पाय खाली कुठंतरी. नदीत समोरचं बघायला ते ठीक आहे ओ, पण टँकवर २५ मीटर गेलं की कठडा धरून धापा टाकायच्या. अशा लोकांसाठी शहरातल्या एका टँकवर सकाळी मोठ्यांची फ्रीस्टाइल बॅच चालते, मी सध्या तिथं जातोय.

पहिली गोष्ट म्हंजे सर सुरवातीला हातच मारू देत नाहीत. पालथं पडा, हात पुढं, टाइल्स बघा, बस. फुप्फुसात हवा असते म्हणून छाती तरंगते, पाय जड म्हणून खाली जातात, त्यात मुंडी वर काढली की पाय अजून खाली, मग अंग तिरकं होतं आणि पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट दाट, त्याला तिरक्या अंगानं ढकलत जायचं म्हटल्यावर दम लागणारच की. सर शेजारी उभं राहून डोक्याच्या मागं दोन बोटं ठेवतात, जोर नाही, नुसती टेकवतात, "काका, मान सोडा, मान," आणि मान खरंच सैल सुटली की कंबर आपोआप वर येते. हे सांगून कळत नाही, पाण्यातच कळतं. पुल बॉय, म्हंजे तरंगायला मदत करणारा फोमचा तुकडा, मागितला तर देत नाहीत, म्हणतात तो मांडीत धरला की पाय आयते वर राहतात, तुम्ही काय शिकणार.

मग कुशीवर. एक हात पुढं, एक मांडीला, हलकी किक, आणि श्वास घ्यायला मुंडी उचलायची नाही, अख्खं अंग वळतं तसं तोंड वळवायचं, गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे. आणि पाण्यात असताना नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहायचं. निम्म्या लोकांची धाप इथंच आहे, श्वास कोंडून धरतात आणि तोंड वर आलं की सोडायचा का घ्यायचा याचीच घाई.

बॅचमध्ये तालमीतली पोरं पण आहेत, खांदे एवढे, आणि लोखंडाच्या घमेल्यासारखी बुडतात 😄 कारण घोटे ताठ, मुठी आवळलेल्या. त्यांच्या शेजारून चाळिशीतल्या एक काकू निवांत पुढं जातात, हात पाण्याबाहेर येताना कोपर वर आणि बोटं लुळी. रशियाचा पोहणारा अलेक्झांडर पोपोव्ह, त्याचे जुने व्हिडिओ बघा, १९९२ आणि १९९६ दोन्ही ऑलिंपिकला ५० आणि १०० मीटरची गोल्ड मेडल्स त्याची, पण बघताना घाई कुठं दिसत नाही.

आपल्या गावच्या वीरधवल खाडेनं २०१० च्या एशियन गेम्सला ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ आणलं, अभिमानच आहे, पण टँकवर बघावं तर सगळं लक्ष पोरांच्या स्पीडवर, मोठ्या माणसाला शांतपणे आडवं कसं पडायचं हे सांगायला कुणाला वेळ नसतो. इथं घड्याळ बघायला बंदी, फक्त एका लेंथला स्ट्रोक किती लागले ते मोजायचे आणि ते कमी झाले पाहिजेत. मला हेच आवडलं.

आता रड. एका लेनमध्ये माणसं लय भरतात, ग्लाइड करावं, म्हंजे हात लांब ठेवून नुसतं सरकत जावं, तर पुढच्याच्या पायाला हात लागतो. किकबोर्डच्या कडा कुरतडलेल्या, चेंजिंग रूमबद्दल न बोललेलं बरं, आणि सुट्टी पडली तर फी वळती करत नाहीत, विचारलं तर "ऑफिसात बोला", आणि ऑफिसात कोण नसतं.

ज्यांना पाण्याची भीती आहे, अजिबातच येत नाही, त्यांनी आधी साधी शिकाऊ बॅच करा, इथं कुणी धरून बसणार नाही. गॉगल स्वतःचा न्या. आणि मे महिन्यात नाव घालूच नका, शेजारच्या लेनमध्ये सुट्टीतली पोरं मुटके मारत असतात, त्या लाटांत बॅलन्स कसला शिकताय, जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की टँक निम्मा रिकामा होतो तेव्हा जावा.